लग्न करून अमेरिकेत आल्यावर: कामाची आणि प्रवासाची परवानगी हातात येईपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

लग्न होऊन अमेरिकेत आलेल्या मुलींचे, आणि हल्ली मुलांचेही, मला जे फोन येतात त्यांत दोन प्रश्न ठरलेले असतात. काम कधी सुरू करता येईल? आणि भारतात जाऊन येता येईल का? दुसरा प्रश्न पुष्कळदा तिकीट काढून झाल्यावर येतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. कामाच्या परवान्यातली चूक बहुतेक वेळा दुरुस्त होते, त्यात काही महिने जातात एवढंच. पण परवानगी नसताना देश सोडला तर ग्रीन कार्डाचा अख्खा अर्जच बाद धरला जातो.

लोक चुकतात ते क्रमात. जुन्या माहितीवर विसंबून फी भरतात, नावं जुळवत नाहीत, पत्त्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग 'आमचीच केस का अडकली' म्हणून झुरत बसतात. म्हणून सगळं टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. हा वकिलाचा सल्ला नाही. आधी व्हिसा नाकारला गेला असेल, मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल किंवा पोलीस केस असेल, तर इथेच थांबा आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

आधी हे ठरवा: तुमची वाट कोणती?

वाट चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

भारतात मुलाखत होऊन सीआर-१ किंवा आयआर-१ या जोडीदाराच्या कायम वास्तव्याच्या व्हिसावर आला असाल, तर तुम्ही विमानतळाबाहेर पडतानाच कायम रहिवासी झालेले असता. पासपोर्टातल्या व्हिसावर प्रवेशाचा शिक्का बसला की तोच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. काम करा, भारतात जाऊन या, वेगळी परवानगी लागत नाही. प्रत्यक्ष कार्ड येण्यासाठी इमिग्रंट फी, म्हणजे २३५ डॉलर, ऑनलाइन भरलेली हवी. या व्हिसावर येऊनही वर्क परमिटचा अर्ज भरून पैसे घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढचा लेख तुमच्यासाठी नाही.

के-१ म्हणजे फियान्से व्हिसावर आला असाल, किंवा एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बीवाल्याचं कुटुंब) अशा व्हिसावर अमेरिकेत असताना अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. तुम्हाला इथे राहून आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरायचा असतो आणि तो मंजूर होईपर्यंत दोन वेगळ्या परवानग्या मिळू शकतात: कामासाठी ईएडी (अर्ज आय-७६५) आणि प्रवासासाठी ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे एपी (अर्ज आय-१३१).

जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर तुम्ही एफ२ए या रांगेत आहात. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तुमची तारीख खुली असेल तरच आय-४८५ पाठवता येतो, आणि आय-४८५ नसेल तर त्यावर आधारलेली ईएडी आणि एपीही नाही. शिवाय तोवर अमेरिकेतला तुमचा स्वतःचा कायदेशीर दर्जा टिकवावा लागतो. विनापरवाना कामासारख्या ज्या चुका नागरिकाच्या जोडीदाराला माफ होऊ शकतात, त्या इथे सहसा होत नाहीत.

नवऱ्याच्या एच-१बीमुळे एच-४ वर आला असाल आणि ग्रीन कार्डाचा आय-४८५ अजून भरलेला नसेल, तर कामाचा परवाना सी-२६ या वेगळ्या प्रकारात मिळतो, आणि तोही नवऱ्याचा आय-१४० (त्याच्या ग्रीन कार्डासाठी नोकरीवरून केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्याला एच-१बीची सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल तरच. ती प्रक्रिया इथे घेतलेली नाही.

सावध: 'टुरिस्ट व्हिसावर येऊ, लग्न करू आणि इथूनच अर्ज करू' असा बेत आखून येऊ नका. विमानतळावर एक कारण सांगून मनात दुसरं ठेवणं हे खोटी माहिती देणं समजलं जातं, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जात निघतो.

टप्पा १: कागद, शक्यतो भारतातून निघण्याआधीच

अमेरिकेत बसून नगरपालिकेतून दाखला मिळवणं किती जिकिरीचं असतं ते ज्याने केलं आहे त्यालाच कळतं. म्हणून निघण्याआधीच आईबाबांना कामाला लावा.

जन्मदाखला. आपल्याकडच्या अनेक जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं. नावाचा रकाना रिकामा आणि खाली फक्त आईवडिलांची नावं. असा दाखला पाठवला तर पुरावे मागणारं पत्र, म्हणजे आरएफई, येण्याची दाट शक्यता. जिथे जन्माची नोंद आहे त्या महानगरपालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा त्याच कार्यालयाचा दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. दाखला फक्त मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. खाली भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून, नाव, पत्ता, तारीख घालून सही करायची.

नावं. मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव की नवऱ्याचं? पासपोर्टात पहिलं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आणि बँकेत तिसराच क्रम. एका कोऱ्या कागदावर तुमच्या प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहून काढा, अगदी स्पेलिंगसकट. अर्जावर कायदेशीर नाव म्हणून पासपोर्टातलं किंवा लग्नाच्या दाखल्याने बदललेलं नाव घाला, आणि बाकीची सगळी रूपं 'वापरलेली इतर नावं' या जागी भरा. तिथे चार ओळी झाल्या तरी चालतील.

आणि प्रक्रिया सुरू असताना हौसेने नवं आडनाव लावून पासपोर्ट बदलायला जाऊ नका. एक नाव धरा आणि ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत तेच ठेवा.

आईवडिलांची नावं. आय-७६५ मधूनच सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी, कर, बँक यांसाठी लागणारा सरकारी क्रमांक) मागता येतो, पण त्यासाठी आईवडिलांची जन्मनावं द्यावी लागतात. आपल्या आयांची लग्नात पहिली नावंही बदलत. तेव्हा आईला फोन करून तिचं माहेरचं संपूर्ण नाव आणि स्पेलिंग आत्ताच विचारून ठेवा.

लसीकरण. के-१ साठी भारतात झालेल्या वैद्यकीय तपासणीचे आणि लसींचे कागद हरवू नका. ती तपासणी होऊन वर्ष झालेलं नसेल तर अमेरिकेत बहुधा फक्त लसींचा भाग भरून घ्यावा लागतो. बाकीच्यांना पूर्ण तपासणी इथेच, यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, नेमलेल्या डॉक्टरकडे (त्याला 'सिव्हिल सर्जन' म्हणतात) करावी लागते. ओळखीच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही.

तपासा: पासपोर्टाची मुदत किती उरली आहे? वर्षापेक्षा कमी असेल तर प्रवासाच्या आड येण्याआधीच नूतनीकरणाला टाका. नाव मात्र तेच ठेवा.

टप्पा २: फक्त के-१ वाल्यांसाठी, ते ९० दिवस

के-१ वर उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न झालंच पाहिजे, आणि ज्याने तुमच्यासाठी अर्ज केला त्याच व्यक्तीशी. ही मुदत वाढत नाही.

पहिल्या दोनतीन आठवड्यांत, पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुदतीची सरकारी नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जा आणि नंबर मागा. आय-९४ ची मुदत शिल्लक असेपर्यंतच के-१ वर हा नंबर मिळतो, अगदी शेवटच्या दिवसांत गेलात तर परत पाठवतात. मिळणाऱ्या कार्डावर 'कामासाठी डीएचएसची परवानगी असेल तरच वैध' असा शेरा असतो (डीएचएस म्हणजे गृहसुरक्षा खातं). म्हणजे या नंबरावर नोकरी करता येत नाही, पण बँक, विमा आणि कर विवरणाची कामं मार्गी लागतात. हे काम लग्नाच्या गडबडीत मागे पडतं, आणि मग ईएडी येईपर्यंत नंबरावाचून बसावं लागतं.

लग्नासाठी आधी काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयातून विवाह परवाना घ्यावा लागतो. काही राज्यांत परवाना मिळाला तरी लगेच लग्न लावता येत नाही: न्यूयॉर्कमध्ये २४ तास, टेक्ससमध्ये ७२ तास थांबावं लागतं. ८८व्या दिवशी मुहूर्त काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. देवळात गुरुजींनी दिलेलं सुंदर छापलेलं प्रमाणपत्र आठवण म्हणून जपा. अर्जाला मात्र काउंटीची प्रमाणित प्रतच लागते, आणि ती मिळायला काही दिवस जातात. तीन प्रती मागवून ठेवा.

लग्न ९० दिवसांत झालं असेल तर आय-४८५ नंतरही पाठवता येतो, पण आय-९४ ची मुदत संपण्याआधी तो पोचलेला असावा असा प्रयत्न करा. मधल्या काळात तुमच्याकडे कुठलाच दर्जा नसतो.

टप्पा ३: पाकीट भरणं

वाट पाहण्याचा काळ किती लांबेल त्यातला तुमच्या हातातला भाग इथे ठरतो. एक चूक झाली की सगळं पाकीट तीनचार आठवड्यांनी जसंच्या तसं परत येतं, आणि तोवर रांगेत तुमचा नंबरही लागलेला नसतो.

के-१ वाल्यांचं पाकीट: आय-४८५, आय-७६५, आय-१३१, जोडीदाराचा आय-८६४ (आर्थिक हमीपत्र) आणि वैद्यकीय अहवाल आय-६९३. वेगळा आय-१३० (नात्याच्या आधारे जोडीदाराने करायचा अर्ज) लागत नाही. इतर व्हिसावर असताना नागरिकाशी लग्न केलेल्यांनी याच पाकिटात आय-१३० आणि आय-१३०ए (त्यासोबतची तुमची माहिती) जोडावेत. आय-७६५ आणि आय-१३१ नंतरही पाठवता येतात, पण तसं करण्यात फायदा काहीच नाही, महिने मात्र जातात.

फी. सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, कारण जुन्या सल्ल्यांत 'आय-४८५ भरला की वर्क परमिट आणि एपी फुकट' असं असतं. ते १ एप्रिल २०२४ पासून बंद झालं. आता मोठ्या माणसासाठी आय-४८५ ला १,४४० डॉलर, त्यासोबतच्या आय-७६५ ला २६० आणि आय-१३१ ला ६३० डॉलर वेगळे. के-१ चा हिशेब २,३३० डॉलर होतो. कागदी आय-१३० असेल तर आणखी ६७५. पाकीट बंद करण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर फी आणि अर्जाची आवृत्ती पुन्हा एकदा पाहा. आवृत्तीची तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेली असते. दोन महिन्यांपूर्वी उतरवून ठेवलेला अर्ज त्या दिवशी जुना झालेला असू शकतो.

पैसे भरण्याची पद्धतही बदलली आहे. २८ ऑक्टोबर २०२५ पासून चेक आणि मनी ऑर्डर सर्वसाधारणपणे घेत नाहीत. कार्डाने भरायचं तर जी-१४५०, बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५०. प्रत्येक अर्जाला वेगळा भरणा फॉर्म लावा, एकत्र बेरीज करून एकच लावू नका. कार्ड अमेरिकन बँकेचं हवं. आणि पाकीट पाठवण्याआधी बँकेला फोन करून सांगा, की येत्या काही आठवड्यांत अशा अशा रकमा वळत्या होणार आहेत. हजार-दीड हजाराची अनोळखी रक्कम दिसली की बँक व्यवहार अडवते, भरणा नाकारला जातो आणि पाकीट परत.

आय-७६५ मधला पात्रतेचा प्रकार. इथे सी-९ लिहायचं. 'मी के-१ वर आले' म्हणून काही जण ए-६ लिहितात. तो परवाना आय-९४ च्या ९० दिवसांशी बांधलेला असतो, म्हणजे तो येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. एका अक्षराने चार महिने गेलेलं घर मला माहीत आहे.

आय-८६४. तुमच्या जोडीदाराचं उत्पन्न सरकारी दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के तरी हवं. कुटुंबातली माणसं मोजताना स्वतः जोडीदार, तुम्ही आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे धरायचे. कराचं अलीकडचं ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा दाखला) आणि चालू पगाराच्या पावत्या जोडा. उत्पन्न कमी पडत असेल तर आरएफईची वाट न पाहता सुरुवातीलाच सहप्रायोजक (आर्थिक हमी देणारी दुसरी व्यक्ती) घ्या.

आय-६९३. २ डिसेंबर २०२४ पासून हा अहवाल आय-४८५ सोबतच द्यावा लागतो. 'मुलाखतीला नेऊ' हा जुना सल्ला आता अर्ज परत यायचं कारण ठरू शकतो. डॉक्टरने बंद करून दिलेलं पाकीट उघडू नका, आतली प्रत स्वतःसाठी आधीच मागून घ्या.

पाकीट बंद करण्याआधी दोघांनी समोरासमोर बसा. एकाने अर्ज वाचायचा, दुसऱ्याने पासपोर्टाशी ताडून पाहायचं:

१. प्रत्येक अर्जावर शाईची सही आहे का? टाइप केलेलं नाव म्हणजे सही नव्हे.
२. जन्मतारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी, लिहिली आहे का? ५ ऑगस्टचा ८ मे झालेला अर्ज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.
३. आय-७६५ मध्ये सोशल सिक्युरिटी नंबराची विनंती आणि संमती, दोन्हींना 'हो' म्हटलं आहे का? (नंबर आधीच असेल तर तो लिहा.)
४. सगळ्या पानांचं स्कॅन काढून ठेवलं आहे का? सगळ्या म्हणजे कोऱ्या पानांसकट सगळ्या.
५. पाकिटाचा पत्ता राज्य आणि टपालसेवा यांवरून बदलतो. तो त्याच दिवशी पाहिला आहे का?

ईमेल आणि मेसेजवर सूचना मिळाव्यात म्हणून जी-११४५ सगळ्यांत वर ठेवा. पोच मिळेल अशाच टपालाने पाठवा.

टप्पा ४: पाठवल्यानंतरचे पहिले आठवडे

पाकीट स्वीकारलं गेलं की प्रत्येक अर्जाची वेगळी पोच येते, आय-७९७सी. तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असतो. या पोचपावतीने ना काम करता येतं ना प्रवास. तिच्यावरचं तुमचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता आल्याच्या दिवशी वाचा. चूक असेल तर ती आत्ता कळवा, कारण पुढचं कार्ड याच माहितीवर छापलं जातं.

यूएससीआयएसचं ऑनलाइन खातं उघडून सगळे नंबर त्यात जोडा. त्याचा पासवर्ड तुमच्याकडेही हवा, एकट्या जोडीदाराकडे नको. अर्ज तुमचा आहे, स्कॅन केलेल्या प्रतीही तुमच्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. घरात मारहाण, धमक्या, कागद लपवून ठेवणं असं काही घडत असेल तर नवऱ्याच्या मर्जीवर ग्रीन कार्ड अवलंबून आहे असं समजून सोसू नका. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला आय-३६० वर स्वतःचा स्वतंत्र अर्ज करता येतो, पुरुषांनाही. मदतीचा राष्ट्रीय नंबर १-८००-७९९-७२३३.

आता पत्रपेटी. हे वाचून हसू नका. माझं पहिलं कार्ड 'पाठवलं' असं दिसलं आणि आठवड्याने 'परत आलं' असं दिसलं. पत्ता बरोबर होता. आमच्या इमारतीतल्या पेटीच्या आत, झाकणामागे, एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. मी माझं माहेरचंच नाव ठेवलेलं. त्या नावाचं इथे कुणी राहत नाही असं समजून टपाल परत गेलं. चूक आमचीच, कुणी सांगितलंच नव्हतं. कार्ड पुन्हा दारात यायला सहा आठवडे लागले, आणि ठरलेली नोकरी गेली.

तेव्हा आजच पेटीच्या आत आणि बाहेर दोन्ही आडनावं लावा. टपाल खात्याच्या इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सेवेत नाव नोंदवा, रोज सकाळी येणाऱ्या पत्रांचे फोटो ईमेलवर दिसतात. घर बदललं तर दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसला पत्ता कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. टपाल खात्यात पत्ता बदलला म्हणजे काम झालं असं नाही, कार्डाचं पाकीट नव्या पत्त्यावर पुढे धाडलं जाईल याचा भरवसा धरू नका.

काही आठवड्यांत बोटांचे ठसे आणि फोटोसाठी बोलावणं येतं. तारीख चुकवू नका. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. जाताना ते पत्र आणि पासपोर्ट घ्या. मेंदी असेल तर ठसे नीट उमटत नाहीत असं म्हणतात, पण माझ्या पाहण्यात जास्त त्रास भांडी घासून, साबणाने कोरड्या पडलेल्या बोटांचा होतो. आदल्या दोनतीन रात्री हाताला खोबरेल तेल चोळा.

टप्पा ५: वाट पाहताना काम

ईएडी हातात येऊन तिच्यावरची सुरुवातीची तारीख उजाडेपर्यंत नोकरी नाही. रोखीत शिकवण्या, ओळखीच्या दुकानात 'जरा मदत', डबे करून विकणं, हे सगळं कामच आहे. नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत विनापरवाना काम आय-४८५ च्या आड येत नाही अशी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर काम सुरू करू नका. आय-४८५ मध्ये त्याबद्दल विचारतात आणि तिथे खोटं उत्तर देणं ही मूळ चुकीपेक्षा मोठी चूक. भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर चालू ठेवायचं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय ठेवू नका, पगार रुपयांत येतो म्हणून ते काम अमेरिकेबाहेरचं ठरत नाही.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे: पदवीचं मूल्यांकन, व्यवसायाच्या परवान्याच्या परीक्षा, गाडी शिकणं, वाचनालयातले मोफत वर्ग, धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा. नोकरीसाठी मुलाखती द्यायलाही हरकत नाही, फक्त रुजू होण्याची तारीख देऊ नका.

टप्पा ६: प्रवास

हा भाग दोनदा वाचा.

आय-४८५ प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल मंजूर होऊन हातात नसेल आणि तुम्ही अमेरिका सोडली, तर आय-४८५ सोडून दिला असं मानलं जातं. के-१ चा व्हिसा एकदाच वापरता येतो, त्यावर परत येता येत नाही. मग नवरा-बायकोला आय-१३० पासून नव्याने सुरुवात करावी लागते, एक इथे आणि एक तिथे.

सवलत आहे ती मुख्यतः एच-१बी, एच-४, एल-१ (कंपनीने बदलीवर आणलेले), एल-२ (त्यांचं कुटुंब) वाल्यांना. त्यांचा तो दर्जा टिकून असेल आणि त्याच वैध व्हिसावर परत येणार असतील तर एपीशिवाय जाता येतं. पण एच-१बी धारकाने नवी नोकरी ईएडीवर धरली की ही सवलत हातची जाते. एफ-१ ला ती मुळातच नाही. के-१ लाही नाही.

पूर्वी ईएडी आणि एपी एकाच कार्डावर यायचं. आता सहसा दोन्ही वेगवेगळ्या दिवशी येतात. कार्ड आलं म्हणून तिकीट काढू नका. कार्डावर 'ॲडव्हान्स पॅरोल म्हणून चालेल' अशी ओळ नसेल तर ते फक्त कामाचं आहे. एपी हा तुमचा फोटो छापलेला कागद असतो, आय-५१२एल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या साध्या कागदावर परत येऊ देतील? देतात, पण मूळ कागदच लागतो. फोनमधला फोटो चालत नाही.

निघण्याआधी तपासा:

१. कागदावरची शेवटची तारीख तुमच्या परतीच्या तारखेच्या पुरेशी पुढे आहे ना? विमान रद्द होऊ शकतं, आजारपण लांबू शकतं.
२. ठसे किंवा मुलाखतीची तारीख त्या काळात पडण्यासारखी आहे का? मागे राहणाऱ्या जोडीदाराला रोज पेटी पाहायला सांगा.
३. विमान कुठे बदलणार? भारतीय पासपोर्टावर काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, आणि एपीचा कागद तिथे ग्रीन कार्डासारखा चालेल असं धरू नका. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. जमलं तर थेट विमान घ्या.
४. सोबत आय-४८५ ची पोच, लग्नाचा दाखला आणि जोडीदाराच्या अमेरिकन पासपोर्टाची प्रत आहे का?

परतताना खरी अडचण पुष्कळदा मुंबईच्या चेक-इन काउंटरवर येते. समोरचा माणूस पासपोर्ट चाळतो, वापरलेला व्हिसा दिसतो, आणि म्हणतो, "मॅडम, व्हिसा कुठे आहे?" घाबरू नका. "एपीवर प्रवास करतेय, आय-५१२," असं म्हणून मूळ कागद पुढे करा आणि वरिष्ठांना बोलवायची विनंती करा. यात अर्धा तास सहज जातो, म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. अमेरिकेत उतरल्यावर बहुतेकांना आतल्या खोलीत बसवतात, तेही नेहमीचंच आहे. पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे तीन-चार तास ठेवा. एपीमुळे प्रवेशाची हमी मिळत नाही, तो निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. ज्यांच्या मागे मुदतीबाहेर राहणं किंवा अटक असं काही आहे त्यांनी एपी हातात असली तरी वकिलाला विचारूनच निघावं.

आई अत्यवस्थ आहे आणि एपी आलेली नाही, तर? रडत विमानतळाकडे धावू नका. यूएससीआयएसच्या १-८००-३७५-५२८३ या नंबरवर फोन करून आणीबाणीच्या एपीसाठी स्थानिक कार्यालयाची भेट मागा. फोनवर आधी यंत्र बोलतं, माणूस मिळेपर्यंत चिकाटी धरावी लागते. तोवर भारतातल्या भावंडांकडून रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं, तारीख-सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र मागवा. त्यात आजार, सध्याची स्थिती आणि तुमची उपस्थिती का हवी, हे स्पष्ट हवं. 'आई आजारी आहे, मुलीने यावे' एवढ्या चिठ्ठीने भागत नाही. नातं दाखवायला तुमचा जन्मदाखला, सोबत भरलेला आय-१३१, आधीच्या अर्जाची पोच, फोटो आणि फी भरण्याची तयारी. मंजुरी मिळेलच असं नाही, पण कागद नेमके असतील तर त्याच भेटीत मिळालेल्या परवानगीवर लोक गेले आहेत.

टप्पा ७: उशीर होतोय असं वाटलं तर

कुणाच्या तरी मैत्रिणीचं कार्ड दोन महिन्यांत आलं म्हणून आपलं अडकलं असं होत नाही. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर 'केस प्रोसेसिंग टाइम्स' मध्ये तुमचा अर्ज, प्रकार आणि कार्यालय निवडा. पोचपावतीवरची तारीख टाकली की चौकशी कधीपासून करता येईल ते कळतं. त्याआधी केलेल्या चौकशीला साचेबंद उत्तर येतं. आठवड्यातून एकदा स्थिती पाहा. रोज दहादा पाहून झोप उडते, फाइल हलत नाही.

ती तारीख उलटली की क्रम असा: आधी ऑनलाइन चौकशी, मग फोन, मग तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या (अमेरिकन संसदेतल्या प्रतिनिधीच्या) कार्यालयाला विनंती. त्यांच्या संकेतस्थळावर गोपनीयतेचा संमतीपत्र फॉर्म असतो, तो तुमच्या सहीने भरायचा. ही सोय मतदारांपुरती नाही, तिथल्या सर्व रहिवाशांना आहे, आणि ती फुकट आहे.

गंभीर आर्थिक नुकसान किंवा तातडीचं मानवी कारण असेल तर प्रक्रिया लवकर करण्याची विनंती करता येते. पण 'घरभाडं जड जातंय' असं नुसतं लिहू नका. नोकरी देणाऱ्याचं 'अमुक तारखेपर्यंत रुजू न झाल्यास जागा जाईल' असं पत्र, थकलेली बिलं, बँकेची विवरणं जोडा.

आरएफई आली तर मागितलेलं सगळं एकदाच, पत्रावर दिलेल्या तारखेच्या आत, ते मूळ पत्र सगळ्यांत वर ठेवून पाठवा. निम्मं आता आणि निम्मं नंतर असं केलंत तर पहिल्या निम्म्यावरच निर्णय होतो.

कधी कधी ग्रीन कार्डच आधी मंजूर होतं आणि आय-७६५ बंद केल्याचं पत्र येतं. ते पाहून धसका घेऊ नका, त्या परवान्याची गरजच संपलेली असते.

टप्पा ८: कार्ड आल्यावर

पाकीट उघडताच नाव, जन्मतारीख, प्रकार सी-९ आणि दोन्ही तारखा वाचा. छपाईची चूक यूएससीआयएसची असेल तर ऑनलाइन विनंतीने दुरुस्ती होते. आय-९ (नोकरीवर रुजू होताना कामाचा हक्क दाखवणारा फॉर्म) भरताना फक्त ईएडी दाखवली तरी ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही सिद्ध होतात. आणखी अमुकच कागद आणा असं मालक म्हणू शकत नाही.

मुदतीकडे खास लक्ष द्या. काही काळ ही कार्डं पाच वर्षांची येत होती, डिसेंबर २०२५ पासून जास्तीत जास्त १८ महिन्यांची झाली आहेत. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून काम बंद. म्हणून मुदत संपण्याच्या बरोबर १८० दिवस आधीची तारीख आज फोनमध्ये टाकून ठेवा. आय-४८५ अजून प्रलंबित असेल तर त्याच दिवशी नवा आय-७६५ आणि एपीचा नवा आय-१३१ पाठवा, या वेळी पेटीवरचं नाव पुसट झालेलं नाही ना हे पाहून.